बाईंची पोतडी : नाग, सूर्य आणि असईचा हत्ती

मुलांनो, आज पोतडी उघडण्याआधी एक काम करा. घरातलं एक रुपयाचं नाणं घ्या आणि त्याच्याकडे नीट बघा. रोज बघतो म्हणता? मग सांगा बरं, त्यावर सिंह किती?

तीन म्हणालात ना? दिसतात तीनच, पण आहेत चार. चौथा पाठीमागे आहे, म्हणून दिसत नाही. सारनाथला सम्राट अशोकाचा एक दगडी स्तंभ सापडला, त्याच्या माथ्यावरचं हे शिल्प. चार सिंह चार दिशांना तोंड करून, पाठीला पाठ लावून बसले आहेत. २६ जानेवारी १९५० या दिवशी आपण ते भारताचं राजचिन्ह म्हणून स्वीकारलं. नाण्यावर, नोटेवर, पासपोर्टवर, सरकारी कागदावर ते असतं. चित्र एवढंसं, पण ते दिसलं की कळतं, हा कागद भारत सरकारचा.

अशा चित्रांचीच गोष्ट आज सांगायची आहे. झालं असं, की एका वाचकमित्राचं पत्र आलंय. अक्षर अगदी मोत्यासारखं. तो लिहितो, "बाई, आमच्या वर्गात एक शिंदे आहे. त्यानं वहीवर दोन नाग आणि मधे सूर्य काढलाय. तो म्हणतो, हे आमच्या घराण्याचं चिन्ह, ग्वाल्हेरच्या महाराजांचं. मग त्यानं मला विचारलं, तुमच्या घराण्याचं चिन्ह कोणतं? मी काहीच बोललो नाही. माझे आजोबा सालदार होते. आमचं चिन्ह कुठं असणार? बाई, ज्यांचं चिन्ह नसतं ती माणसं लहान असतात का?"

प्रश्न चांगला आहे, आणि अवघडही आहे. एका ओळीत उत्तर देऊन मोकळं होता येणार नाही. त्यासाठी आधी ते नाग आणि तो सूर्य नीट वाचायला हवा. हो, वाचायला! चिन्हसुद्धा वाचायचं असतं, बरं का.

चिन्ह लागतं कशाला?

समजा, तुम्ही एका मोठ्या लढाईत उभे आहात. धूळ उडतेय, घोडे खिंकाळतायत, नगारे वाजतायत. आपला कोण आणि परका कोण, कसं कळणार? चिठ्ठी लिहून विचारता येत नाही! अशा वेळी उंच काठीवरचं निशाण दिसलं की शिपायाला कळायचं, आपली माणसं तिकडे आहेत. शिवाय त्या काळी वाचता येणारी माणसं फार थोडी. अक्षर न कळणाऱ्यालाही चित्र कळतं. हे काही राजांपुरतंच नाही हं. १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हतं. म्हणून तर उमेदवारांना चित्रांची चिन्हं दिली गेली, आणि ती पद्धत आजही चालू आहे.

युरोपात बाराव्या शतकाच्या सुमाराला सरदार ढालींवर आपापली चित्रं रंगवू लागले. अंगभर लोखंडी चिलखत आणि डोक्यावर शिरस्त्राण, मग चेहरा ओळखायचा कसा? म्हणून एकाच्या ढालीवर सिंह, दुसऱ्याच्या ढालीवर गरुड, तिसऱ्याच्या ढालीवर नुसते रंगीत पट्टे. पुढे बापाच्या ढालीवरचं चित्र मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाऊ लागलं आणि ते घराण्याचं चिन्ह बनलं.

पण म्हणून ही कल्पना फक्त युरोपची, असं समजू नका. बदामीच्या चालुक्यांचं चिन्ह होतं वराह. देवगिरीच्या यादवांचं होतं गरुड. देवगिरी म्हणजे आपल्या शेजारच्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातला किल्ला, सहलीला तुम्ही गेला असाल. त्या यादव राजांच्या ताम्रपटांच्या मुद्रेवर गरुड असे. शिवाजी महाराजांची राजमुद्रा अष्टकोनी होती. तिच्यात प्राणी नाही की पक्षी नाही, फक्त संस्कृत मजकूर. प्रतिपदेच्या चंद्राच्या कोरीसारखी ही मुद्रा वाढत जाईल आणि ती लोकांच्या कल्याणासाठी आहे, असा त्याचा भाव. सप्टेंबर २०२२ मध्ये भारतीय नौदलाला नवा ध्वज मिळाला, तेव्हा त्यावरच्या चिन्हाची अष्टकोनी चौकट या राजमुद्रेवरूनच घेतली गेली. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा आकार आज जहाजावर फडकतोय!

आता शिंद्यांचं चिन्ह वाचू या

युरोपी पद्धतीच्या राजचिन्हात साधारण चार गोष्टी असतात. मधे ढाल. ढालीच्या दोन बाजूंना दोन राखणदार, म्हणजे प्राणी किंवा माणसं. वर डोक्यावर मुकुट किंवा दुसरं काही. आणि खाली एक पट्टी, तिच्यावर ब्रीदवाक्य. हे चार भाग लक्षात ठेवा, म्हणजे जगातलं पुष्कळसं राजचिन्ह तुम्हाला वाचता येईल.

ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या राजचिन्हात ठळकपणे दिसतात ते दोन फणा काढलेले नाग आणि तळपता सूर्य. सूर्य एकट्या शिंद्यांचा नाही. मेवाडच्या राण्यांच्या चिन्हात तो आहे, इंदूरच्या होळकरांच्या चिन्हातही आहे. सूर्य म्हणजे तेज, आणि सगळ्यांवर सारखा पडणारा प्रकाश. कुठल्या राजाला तो आवडणार नाही?

नाग मात्र शिंद्यांची खास ओळख. त्याची एक गोष्ट सांगतात. शिंद्यांच्या कुळातला एक मुलगा उन्हात झोपी गेला होता. तेव्हा एक नाग आला आणि त्यानं फणा पसरून मुलाच्या तोंडावर सावली धरली. बघणाऱ्यांनी ओळखलं, हा मुलगा मोठेपणी राजा होणार!

छान आहे ना गोष्ट? पण थांबा. हीच गोष्ट मल्हारराव होळकरांबद्दलही सांगतात. लहानगा मल्हारी मेंढ्या राखता राखता झोपला आणि नागानं सावली धरली! जैन मंदिरात पार्श्वनाथांची मूर्ती पाहिलीत, तर त्यांच्या डोक्यावर नागाचा फणा दिसेल. गौतम बुद्ध ध्यानाला बसले असताना मुचलिंद नागानं त्यांना पावसापासून जपलं, अशी कथा आहे. आणि वसुदेव बाळकृष्णाला घेऊन यमुना ओलांडत होता, तेव्हा वर फणा कुणी धरला होता? बरोबर, शेषानं.

म्हणजे काय, की ही आपल्या देशातली फार जुनी बोलायची रीत आहे. 'हे मूल पुढे मोठं होणार' हे सांगायचं असलं, की गोष्टीत नाग येतो. ती गोष्ट खरी का खोटी म्हणून भांडत बसू नका. ती कशासाठी सांगितली, ते ओळखा.

आणखी एक गंमत बघा. गोष्ट दोघांची सारखी, पण होळकरांनी आपल्या राजचिन्हात नाग घेतला नाही. त्यांच्या चिन्हात घोडा आहे, नंदी आहे, एकमेकांवर तिरपे ठेवलेले तलवार आणि भाला आहेत. घोडा म्हणजे खंडोबाचं वाहन, नंदी म्हणजे महादेवाचं. शिवाय गहू आणि अफूची रोपं! माळव्यात ही पिकं भरपूर यायची ना. खालचं ब्रीद संस्कृतात आहे. त्याचा अर्थ असा, की जो प्रयत्न करतो त्यालाच लक्ष्मी मिळते. बडोद्याच्या गायकवाडांचं ब्रीद तर अवघ्या चार शब्दांचं, 'जिन घर जिन तख्त'. जीन म्हणजे घोड्याचं खोगीर. खोगीर हेच आमचं घर आणि खोगीर हेच आमचं सिंहासन! सतत घोड्यावर असणाऱ्या माणसांना शोभेल असंच आहे की नाही?

तर मंडळी, चिन्ह आकाशातून पडत नाही. 'आम्हाला लोकांनी असं ओळखावं' असं ठरवून कुणीतरी ते निवडतं. शिंद्यांनी नाग निवडला, होळकरांनी घोडा. पण निवडताना कुणी काय गाळलं, तेही बघायला शिका.

कण्हेरखेडचे राणोजी

या शिंद्यांचं मूळ गाव कण्हेरखेड, सातारा जिल्ह्यातलं. राणोजी शिंदे पेशव्यांच्या चाकरीत लागले तेव्हा त्यांच्याजवळ ना राजवाडा होता, ना ढाल-मुकुटाचं राजचिन्ह. पेशव्यांचे जोडे सांभाळणारा हा तरुण किती इमानी आहे, हे पाहून त्याला बढती मिळाली, अशीही एक आख्यायिका आहे. पुढे बाजीराव पेशव्यांबरोबर ते उत्तरेत गेले, पराक्रम गाजवला आणि माळव्यात जम बसवला. उज्जैन हे त्यांचं ठाणं झालं. पण घरचं दैवत ते विसरले नाहीत. कोल्हापूरजवळच्या डोंगरावर जोतिबाचं देऊळ आहे, तिथलं आजचं मुख्य मंदिर १७३० साली राणोजींनी बांधवलं.

राणोजींचे पुत्र महादजी. १७६१ साली पानिपतावर ते इतके जखमी झाले, की पुढे जन्मभर लंगडत चालले. तरी त्याच महादजींनी दहा वर्षांनी दिल्लीच्या बादशहाला पुन्हा तख्तावर बसवलं. १७९४ साली पुण्याजवळ वानवडीला ते वारले. तिथं त्यांची छत्री आहे.

आता सांगा, हे घराणं मोठं झालं ते नागानं सावली धरली म्हणून, का राणोजी आणि महादजी उन्हात वणवण फिरले म्हणून? राजचिन्हात सावली आहे. त्यांचा घाम नाही.

दिल्लीहून आलेली ढाल

नाग शिंद्यांकडे होता. त्यांच्या संस्थानच्या नाण्यांवरही तो दिसतो. मग ही युरोपी थाटाची ढाल कुठून आली? त्यासाठी १ जानेवारी १८७७ ला दिल्लीला जावं लागेल.

त्या दिवशी इंग्रजांनी दिल्लीत मोठा दरबार भरवला. इंग्लंडच्या राणी व्हिक्टोरियाला 'हिंदुस्थानची सम्राज्ञी' म्हणून जाहीर करायचं होतं. देशभरचे राजेमहाराजे बोलावले होते. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदेही होते. व्हाइसरॉय होता लॉर्ड लिटन. त्यानं प्रत्येक मोठ्या संस्थानिकाला एक भलंमोठं रेशमी निशाण भेट दिलं. असे सुमारे नव्वद ध्वज होते, प्रत्येकावर त्या त्या संस्थानाचं राजचिन्ह. ती चिन्हं कुणी आखली? रॉबर्ट टेलर नावाच्या एका इंग्रज अधिकाऱ्यानं! आणि त्या दरबाराच्या निशाणांच्या सजावटीत लॉकवुड किपलिंग नावाच्या चित्रकाराचा हात होता. हा कोण माहीत आहे? मोगलीची गोष्ट लिहिणाऱ्या रुडयार्ड किपलिंगचे वडील!

टेलरसाहेबानं संस्थानिकांच्या दंतकथा, दैवतं, जुनी निशाणं यांची माहिती घेतली आणि ती युरोपी ढालीच्या चौकटीत बसवली. म्हणजे आतली वस्तू आपली, डबा मात्र विलायती. ते निशाण इतकं जड होतं, की उचलायला दोन-दोन माणसं लागत.

पण वजन नुसतं कापडाचं नव्हतं, मुलांनो. पूर्वी निशाण राजा स्वतः उभारायचा. शिपाई त्याच्यामागे जायचे. आता तेच निशाण दुसऱ्याच्या हातून, मान लववून, भेट म्हणून घ्यायचं होतं. चित्र तेच, मान उलटा! म्हणून कुठलंही चिन्ह पाहिलं, की 'हे काय आहे' एवढंच विचारू नका. 'हे कुणी कुणाला दिलं' तेही विचारा.

असईचा हत्ती

आता दिल्लीहून थेट आपल्या जालना जिल्ह्यात येऊ. कारण जयाजीराव शिंद्यांना दिल्लीत मान का लववावी लागली, त्याचं एक उत्तर आपल्या गावाशेजारी आहे.

जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदनकडे गेलात, की केळना आणि जुई या दोन नद्या लागतात. त्या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ या दिवशी तिथं मोठी लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांची फौज. शंभरावर तोफा, कवायत केलेल्या पलटणी, शिवाय हजारो घोडेस्वार. दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज. तिचा सेनापती होता आर्थर वेलस्ली, वय चौतीस वर्षं. फौज मराठ्यांपेक्षा कितीतरी लहान.

मधे केळना नदी, आणि उतारावर मराठ्यांच्या तोफा. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, 'दुसरीकडे कुठं उतार नाही.' पण त्याला नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्यानं विचार केला, एवढी जवळजवळ दोन गावं वसली आहेत, म्हणजे इकडची माणसं तिकडे जातयेत असणारच! आणि खरंच, तिथं उतार निघाला. फौज तिथून पार झाली. बघा हं, इतिहास बदलला तो एका साध्या निरीक्षणानं. भूगोल नीट शिका म्हणून आम्ही ओरडतो, ते उगीच नाही!

लढाई भयंकर झाली. कंपनीच्या बाजूचे चारशेहून जास्त ठार आणि अकराशेहून जास्त जखमी झाले. मराठ्यांच्या अठ्ठ्याण्णव तोफा त्यांच्या हाती लागल्या. मराठ्यांचे गोलंदाज कसे होते, ते शत्रूनंच लिहून ठेवलंय. फौज मागे हटली तरी पुष्कळसे गोलंदाज आपल्या तोफेपासून हलले नाहीत. तिथंच उभे राहिले आणि तिथंच संगिनींनी मारले गेले. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. पण म्हातारपणी त्याला विचारलं, की तुमची सगळ्यात चांगली कामगिरी कोणती, तर त्यानं नाव घेतलं ते आपल्या असईचं.

त्या वर्षीच्या ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह झाला. शिंद्यांना बराच मुलूख सोडावा लागला. नागाचं निशाण उतरलं नाही, पण त्याची सावली आखडली.

आणि आता चिन्हाची गंमत. त्या वेळी हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल होता वेलस्लीचाच थोरला भाऊ! त्याच्या सरकारनं असईला लढलेल्या पलटणींना खास ध्वज दिले. त्यावर शब्द होता 'असई' आणि चित्र होतं हत्तीचं. स्कॉटलंडमधली एक जुनी पलटण, हायलँड लाइट इन्फंट्री, तिच्या शिपायांच्या टोपीवरच्या बिल्ल्यात हत्ती होता आणि 'असई' हे नावही. विचार करा, जालना जिल्ह्यातल्या एका खेड्याचं नाव ग्लासगो शहरातले शिपाई कित्येक वर्षं टोपीवर मिरवत होते. त्या खेड्यातल्या शेतकऱ्याला याचा पत्ता तरी असेल का?

अजून ऐका. कंपनीच्या फौजेत सगळे गोरे नव्हते. निम्म्याहून जास्त शिपाई मद्रासकडचे, म्हणजे आपलेच होते. त्यांच्या पलटणींनाही हत्ती मिळाला. त्या परंपरेतली मद्रास रेजिमेंट आज भारतीय लष्करात आहे. तिच्या बिल्ल्यावर आजही असईचा हत्ती आहे! तिचं केंद्र निलगिरीच्या डोंगरात आहे, आणि त्या गावाचं नावही वेलिंग्टन.

मग आपल्याच लोकांना हरवल्याची खूण आपलं लष्कर कसं मिरवतं? स्वातंत्र्यानंतर हा विचार झाला. भारतीयांविरुद्ध लढून मिळालेले जे जुने सन्मान होते, ते आपल्या लष्करात आता साजरे केले जात नाहीत. असई त्यातलाच एक. पण हत्ती राहिला. कारण दोनशे वर्षांत त्या हत्तीखाली लढणाऱ्यांनी त्याला नवे अर्थ दिले. स्वतंत्र भारताच्या सीमेवर, बर्फात आणि वाळवंटात, याच बिल्ल्याचे जवान आपल्यासाठी उभे राहिले. चित्र तेच राहिलं, अर्थ बदलला. चिन्हाचं असं असतं. अर्थ त्यात कोरलेला नसतो, माणसं तो भरत असतात.

आणि ते गोलंदाज? तोफ न सोडणारे? ते कुठल्या चिन्हात आहेत? नागाजवळ नाहीत, हत्तीजवळ नाहीत. पण आपण आत्ता त्यांची आठवण काढली ना?

मग चिन्ह कुणाचं?

१९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारत राज्यात विलीन झालं. १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन राजेमहाराजांच्या पदव्या आणि तनखे बंद झाले. त्यामुळे नाग-सूर्याचं चिन्ह आज कुठल्या राज्याचं नाही. ते एका घराण्याच्या इतिहासाची आठवण आहे. ग्वाल्हेरला जयविलास राजवाड्यात संग्रहालय आहे. तिथं जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची आगगाडी ठेवलेली आहे. पाहुण्यांना पदार्थ वाढायला ती टेबलावर फिरायची! तिच्या एकेका डब्यावर घराण्याच्या नावाचं एकेक अक्षर आहे. जमलं तर जरूर बघा.

आता आपल्या वाचकमित्राचा प्रश्न. मित्रा, शिंदे हे आडनाव महाराष्ट्रात किती जातींत, किती गावांत आहे, मोजता येणार नाही. सगळे काही ग्वाल्हेरच्या गादीचे नव्हेत. तुझ्या वर्गमित्रानं वहीवर नाग काढला, काही हरकत नाही. चित्र छानच असेल. पण त्या नागानं तो मोठा होत नाही आणि तू लहान होत नाहीस. राणोजीकडे तरी सुरुवातीला कुठं राजचिन्ह होतं?

आणि तुमच्याकडे चिन्ह नाही, असं कुणी सांगितलं? घरात लग्न असतं तेव्हा देवक बसवतात, पाहिलंय का? कुणाकडे कळंबाची डहाळी, कुणाकडे पंचपल्लव, कुणाकडे मोराचं पीस. राजाच्या ढालीपेक्षा ही खूण जुनी असू शकेल! खंडेनवमीला बघ. शेतकरी नांगराची पूजा करतो, सुतार रंध्याची, शिंपी मशीनची. ज्याच्यावर घर चालतं, त्याला हळदकुंकू वाहायचं. होळकरांनी गव्हाचं रोप चिन्हात घेतलं, पण तो गहू पेरला कुणी? तुझ्या आजोबांसारख्या माणसांनीच ना? सालदाराच्या हातातला पाभर, म्हणजे पेरणीचं औत, हे चिन्ह काही कमी मानाचं नाही. ते कुणी ढालीवर काढलं नाही, एवढंच. मग तू काढ!

आता तुमची पाळी

आपल्या जिल्ह्याला जुनी म्हण आहे, 'जालना सोने का पालना'. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ ला. समजा, या जिल्ह्याचं राजचिन्ह काढायचं काम तुम्हाला दिलं, तर काय काढाल? सोन्याचा पाळणा? मोसंबी? कापसाचं बोंड? बियाणाची पिशवी? लोखंडाची सळई? कुंडलिका नदी? का असईच्या त्या अनाम गोलंदाजाची तोफ?

कागद घ्या, मधे ढाल काढा. दोन बाजूंना दोन राखणदार. वर काहीतरी, आणि खाली मराठीतलं छोटंसं ब्रीद. चार-पाच शब्दांपेक्षा मोठं नको. दोन नियम पाळा. पहिला, आपल्या देशाचे सिंह वापरायचे नाहीत. ते हौसेनं कुठेही छापायला बंदी आहे, २००५ साली त्यासाठी कायदाच झालाय. गाडीवर सिंह चिकटवणाऱ्या काकांनाही हे सांगा! दुसरा नियम, प्रत्येक चित्राखाली एक ओळ लिहा, 'हे मी का निवडलं'.

आणि चित्र पूर्ण झालं, की आजीला किंवा आजोबांना दाखवा. विचारा, 'यात कुणी राहून गेलं का?' ते जे नाव सांगतील, त्याच्यासाठी कोपऱ्यात थोडी जागा करा.

चित्रं पाठवताना घडी घालू नका, सुरकुत्या पडतात. पाठीमागे आपलं नाव, इयत्ता आणि गाव लिहायला विसरू नका. मी वाट बघतेय.

तुमच्या बाई